चालण्याचा हक्क आणि व्यायामाची मात्रा

(३ डिसेंबर या आंतरराष्ट्रीय दिव्यांग दिनानिमित्त स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने १९९२ मध्ये ३ डिसेंबर हा दिवस दिव्यांग व्यक्तींसाठी घोषित केला. या दिवशी सभा होतात, साधनांचे वाटप होते, गौरव होतात. हे सर्व योग्यच आहे. आज मात्र मी आपल्यासमोर एक साधा वाटणारा, पण धोरणाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा प्रश्न मांडणार आहे. मेंदू, मज्जारज्जू किंवा चेतांच्या विकारामुळे ज्यांचे चालणे-फिरणे थांबले आहे, त्यांना पुन्हा हालचाल करता यावी यासाठी व्यायामाचा नेमका किती उपयोग होतो? आणि होत असेल, तर तो व्यायाम त्यांच्यापर्यंत पोहोचतो का?

प्रश्न समजण्यासाठी एका गृहस्थांची कल्पना करू. पंचावन्न वर्षांचे एक शेतकरी. एके सकाळी त्यांची उजवी बाजू लुळी पडते, वाचा अडखळते. त्यांना पक्षाघात झालेला असतो. तालुक्याहून जिल्ह्याच्या रुग्णालयात नेले जाते, जीव वाचतो. आठ-दहा दिवसांनी ते घरी येतात तेव्हा हातात औषधांची चिठ्ठी असते आणि सोबत एक सल्ला: ‘व्यायाम करत राहा.’ कोणता व्यायाम, दिवसातून किती वेळ, किती महिने, कोणाच्या देखरेखीखाली, याचे उत्तर त्या चिठ्ठीत नसते. घरची माणसे प्रेमापोटी त्यांना जागचे हलू देत नाहीत. पाण्याचा तांब्यासुद्धा हातात आणून देतात. सहा महिन्यांनी कोणीतरी सांगते, ‘आता जे सुधारायचे ते सुधारले.’ मग दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र निघते. रुग्णालयातून सुटका आणि हे प्रमाणपत्र यांच्या मधल्या सहा महिन्यांत जे घडायला हवे होते आणि घडले नाही, तोच माझ्या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रश्नाचा आवाका

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २.६८ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के व्यक्ती दिव्यांग होत्या. त्यांपैकी सुमारे ५४ लाख व्यक्तींची नोंद हालचालीच्या दिव्यांगत्वाखाली झाली. ही जनगणना आठ प्रकारांवर आधारलेली होती. पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरॉसिस अशा चेतासंस्थेच्या विकारांना त्यात स्वतंत्र रकाना नव्हता. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने ते एकवीस केले आणि त्यांत सेरेब्रल पाल्सी, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, मल्टिपल स्क्लेरॉसिस, पार्किन्सन आणि ‘दीर्घकालीन चेताविकार’ यांचा स्पष्ट उल्लेख झाला. हा अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला.

येथे एक संकल्पना ध्यानात घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये स्वीकारलेल्या वर्गीकरणात दिव्यांगत्वाचा विचार तीन पातळ्यांवर केला आहे: शरीराची रचना व कार्य, व्यक्तीला करता येणारी कृती आणि समाजजीवनातील सहभाग. पायाच्या स्नायूंतील दुर्बलता ही पहिली पातळी, चालता न येणे ही दुसरी आणि शेतावर, शाळेत, कचेरीत जाता न येणे ही तिसरी. या पातळ्यांवर परिसराचाही प्रभाव पडतो. व्यायाम पहिल्या दोन पातळ्यांवर काम करतो. उतरंड, लिफ्ट, सुगम बस ही तिसऱ्या पातळीची साधने होत. एकाने दुसऱ्याची जागा घेता येत नाही.

मेंदू पुन्हा शिकतो

मेलेली चेतापेशी सहसा पुन्हा निर्माण होत नाही, म्हणून गेलेली हालचाल परत येणार नाही, अशी समजूत वैद्यकशास्त्रात दीर्घकाळ होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही समजूत ढासळली. मेंदूतील पेशींच्या जोडण्या वापरानुसार बदलतात, वापरात असलेल्या जोडण्या बळकट होतात, न वापरलेल्या क्षीण होतात, आणि इजा झालेल्या भागाचे काही काम शेजारचे भाग उचलू शकतात, हे प्रयोगांनी दाखवून दिले. मेंदूच्या या गुणाला घडणक्षमता म्हणता येईल.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टाऊब यांनी माकडांवरील प्रयोगांतून एक महत्त्वाची गोष्ट मांडली. इजा झाल्यावर सुरुवातीला हात वापरण्याचा प्रयत्न फसतो. प्राणी चांगल्या हाताने भागवू लागतो. आणि पुढे दुबळ्या हातात थोडी शक्ती परतली तरी तो हात न वापरण्याची सवय कायम राहते. म्हणजे दिव्यांगत्वाचा काही भाग इजेमुळे येतो, तर काही भाग ‘न वापरायला शिकल्यामुळे’ येतो. आपल्या शेतकरी गृहस्थांच्या हातात तांब्या आणून देणारे कुटुंबीय नकळत हेच शिक्षण देत असतात.

यावर टाऊब यांनी उपाय सुचवला तो असा: चांगला हात जाड हातमोज्यात बांधून ठेवायचा आणि दुबळ्या हाताकडून कसून काम करून घ्यायचे. या पद्धतीची मोठी चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. पक्षाघातानंतर तीन ते नऊ महिने झालेल्या २२२ रुग्णांचा त्यात समावेश होता. उपचारगटातील रुग्णांचा चांगला हात दोन आठवडे जागेपणीच्या ९० टक्क्यांपर्यंत वेळ बांधलेला असे. वर्षभरानंतरही या गटातील रुग्णांच्या दुबळ्या हाताचे कार्य नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा सरस राहिले.

‘भरपूर’ म्हणजे किती?

औषध लिहिताना डॉक्टर त्याचे नाव, मात्रा, वेळ आणि कालावधी लिहितात. व्यायामही औषधच मानला, तर त्यालाही मात्रा हवी. ही मात्रा चार बाबींनी ठरते: आठवड्यातून किती वेळा, दर वेळी किती वेळ, किती जोराने आणि नेमक्या कोणत्या कृतीचा सराव.

पहिली बाब आवर्तनांची. अमेरिका व कॅनडातील पुनर्वसन केंद्रांत पक्षाघाताच्या रुग्णांकडून प्रत्यक्षात किती हालचाली करून घेतल्या जातात याची मोजणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. एका सत्रात हाताच्या उपयुक्त कृतींची आवर्तने सरासरी ३२ आणि पावले सरासरी ३५७ भरली. उलट, प्राण्यांवरील ज्या प्रयोगांत मेंदूतील बदल दिसले, त्यांत रोजची आवर्तने शेकड्यांनी होती. संपन्न देशांतील सुसज्ज केंद्रांची ही स्थिती होती. तेव्हा अमुक उपचार ‘लागू पडला नाही’ असे म्हणण्यापूर्वी तो पुरेशा मात्रेत दिला होता काय, हे विचारले पाहिजे.

दुसरी बाब तीव्रतेची. ती हृदयाच्या ठोक्यांवरून मोजता येते. समजा, व्यक्तीचे वय ६० आहे. २२० मधून वय वजा करण्याच्या ढोबळ नियमाने ठोक्यांची कमाल मर्यादा मिनिटाला १६० येते. विश्रांतीच्या वेळी ठोके ७० असतील, तर मधला राखीव भाग ९० ठोक्यांचा झाला. त्याचे ७० ते ८० टक्के म्हणजे ६३ ते ७२. त्यांत ७० मिळवले की १३३ ते १४२ ठोके हे तीव्र व्यायामाचे लक्ष्य ठरते. रक्तदाबाची काही औषधे ठोके कमी ठेवतात. अशा वेळी व्यक्तीला जाणवणाऱ्या श्रमावरून, ६ ते २० अंकांच्या बोर्ग मापावर तीव्रता मोजतात. सामान्य भाषेत सांगायचे, तर चालताना लांबलचक वाक्य बोलता येऊ नये, पण दोन-चार शब्द बोलता यावेत, इतके श्रम.

तिसरी बाब नेमकेपणाची. चालायला शिकायचे तर चाललेच पाहिजे. खाटेवर झोपवून दुसऱ्याने पाय हलवून दिल्याने सांधे मोकळे राहण्यास काही मदत होत असेल, पण त्यातून चालणे येत नाही. अमेरिकेतील चेता-भौतिकोपचार तज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचना याच दिशेने जातात. पक्षाघात, मेंदूची इजा किंवा मज्जारज्जूची अपूर्ण इजा होऊन सहा महिन्यांहून अधिक काळ लोटलेल्या आणि चालू शकणाऱ्या व्यक्तींसाठी मध्यम ते उच्च तीव्रतेच्या चालण्याच्या सरावाची शिफारस त्यांत आहे.

संशोधनाचा कौल

आता तीन चाचण्या पाहू. तिन्ही एकत्र वाचल्या तरच धोरणासाठी उपयोगी निष्कर्ष निघतो.

पहिली अमेरिकेतील, २०११ ची. पक्षाघाताच्या ४०८ रुग्णांचे तीन गट केले होते. एका गटाला दोन महिन्यांनी आणि दुसऱ्याला सहा महिन्यांनी, शरीराचे वजन पट्ट्यांनी तोलून धरणाऱ्या यंत्रासह ट्रेडमिलवर चालण्याचे प्रशिक्षण दिले. तिसऱ्या गटाला भौतिकोपचार तज्ज्ञाने घरी जाऊन टप्प्याटप्प्याने वाढवत नेलेला व्यायाम दिला. वर्षाअखेरीस ५२ टक्के रुग्णांची चालण्याची पातळी उंचावली होती आणि तिन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. महाग यंत्रावाचून घरच्या घरी तेवढेच साधता येते. आणि सहा महिन्यांनी प्रशिक्षण सुरू केलेले रुग्णही मागे राहिले नाहीत. ‘सहा महिन्यांनंतर सुधारणा थांबते’ हा समज त्यामुळे टिकत नाही. सुधारणेचा वेग सुरुवातीला अधिक असतो, हे मात्र खरे.

दुसरी चाचणी आपल्या देशातील. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतातील १४ रुग्णालयांतील पक्षाघाताचे १२५० रुग्ण त्यात होते. भौतिकोपचार तज्ज्ञ अपुरे आहेत, मग कुटुंबातील एका व्यक्तीलाच थोड्या काळाचे प्रशिक्षण देऊन तिच्याकरवी घरी पुनर्वसन साधेल काय, हा प्रश्न तपासला गेला. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत ४७ टक्के रुग्ण एकतर मृत्यू पावले होते किंवा परावलंबी होते. फरक पडला नाही. या निष्कर्षाने अनेकांची निराशा झाली, परंतु त्याचे मोल मोठे आहे. कुटुंबाची माया आणि साथ आवश्यक आहे. तथापि प्रशिक्षित व्यक्तीची जागा ती भरून काढू शकत नाही. शासनाने आपली जबाबदारी घरातील सुनेच्या किंवा पत्नीच्या खांद्यावर टाकून मोकळे होणे शास्त्रालाही धरून नाही.

तिसरी चाचणी पार्किन्सनविषयी, २०१८ ची. औषधे सुरू न झालेल्या १२८ रुग्णांपैकी एका गटाने सहा महिने, आठवड्यातून चार दिवस या उद्दिष्टाने, कमाल ठोक्यांच्या ८० ते ८५ टक्के तीव्रतेने ट्रेडमिलवर व्यायाम केला. हालचालींच्या लक्षणांचे गुण या गटात जवळजवळ जैसे थे राहिले, केवळ ०.३ ने बदलले. नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात ते ३.२ ने बिघडले. ही प्राथमिक स्वरूपाची चाचणी होती. व्यायामाने रोग बरा होतो असे तिने सिद्ध केलेले नाही. तीव्र व्यायाम अशा रुग्णांना सुरक्षितपणे झेपतो आणि पुढील संशोधनास तो पात्र आहे, एवढे तिने दाखवले.

मल्टिपल स्क्लेरॉसिसचा इतिहासही बोधप्रद आहे. शरीर तापल्यावर या रुग्णांची लक्षणे तात्पुरती वाढतात, असे निरीक्षण जर्मन नेत्रतज्ज्ञ उथोफ यांनी १८९० मध्ये नोंदवले होते. त्यावरून पुढे कित्येक दशके रुग्णांना श्रम टाळण्याचा सल्ला दिला जाई. १९९६ मध्ये अमेरिकेतील युटा येथील १५ आठवड्यांच्या व्यायामाच्या अभ्यासाने रुग्णांची क्षमता वाढते असे दाखवले आणि दृष्टिकोन बदलू लागला. विश्रांतीचा सल्ला नेहमीच निरुपद्रवी नसतो, हा त्यातील धडा.

तीव्रतेची मर्यादा

अधिक व्यायाम म्हणजे नेहमीच अधिक लाभ, असा मात्र याचा अर्थ नव्हे. पक्षाघातानंतर चोवीस तासांच्या आत रुग्णाला वारंवार उभे करण्याची व चालवण्याची चाचणी पाच देशांत २१०४ रुग्णांवर झाली. तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनी चांगली स्थिती गाठणाऱ्यांचे प्रमाण अतिघाई केलेल्या गटात ४६ टक्के, तर नेहमीच्या गटात ५० टक्के होते. म्हणजे अगदी पहिल्या दिवसातील अतिरेक हानिकारक ठरला. योग्य मात्रा योग्य वेळी, हेच सूत्र येथेही लागू पडते.

रोगानुसारही फरक पडतो. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीमध्ये स्नायूंचे तंतूच ठिसूळ असतात. जड वजनाच्या व्यायामाने ते अधिक खराब होऊ शकतात. पोलिओनंतर अनेक वर्षांनी उद्भवणाऱ्या दुर्बलतेत थकवा येईपर्यंत श्रम करणे घातक ठरते. भारत २७ मार्च २०१४ रोजी पोलिओमुक्त घोषित झाला, पण जुन्या रुग्णांच्या गरजा त्यामुळे संपलेल्या नाहीत. २०२५ च्या आरंभी पुण्यात गियाँ-बारे सिंड्रोमचा उद्रेक झाला. त्या आजारात चेतांवरील आवरणाला इजा होते; बहुतेक रुग्ण सुधारतात, पण व्यायाम हळूहळू वाढवावा लागतो. छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत मज्जारज्जूला इजा झालेल्या व्यक्तीचा रक्तदाब अचानक धोकादायक पातळीवर जाऊ शकतो. डोके ठणकणे, चेहऱ्याला घाम येणे ही त्याची लक्षणे होत. मल्टिपल स्क्लेरॉसिसच्या रुग्णाने आपल्याकडील उन्हाळ्यात पहाटे, पंख्याखाली व्यायाम करणे इष्ट. पक्षाघात झालेल्या व्यक्तीला दुबळ्या हाताला धरून ओढून उठवू नये, खांदा निखळण्याचा धोका असतो. या सर्व बाबी तज्ज्ञाला माहीत असतात, नातेवाइकाला नसतात. म्हणूनच प्रशिक्षित मनुष्यबळाचा आग्रह.

भारतातील वाटचाल

या क्षेत्रात भारताची परंपरा उजळ आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ मध्ये, इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गटमन यांनी मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांसाठी विभाग सुरू केला आणि व्यायाम व खेळ हे उपचाराचे अंग बनवले. तेथे २९ जुलै १९४८ रोजी सोळा स्पर्धकांच्या धनुर्विद्येच्या स्पर्धा झाल्या. पॅरालिम्पिकचे बीज त्यातच आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालील शरीर निकामी झालेले, सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर उपचाराचा भाग म्हणून पोहू लागले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे ५० मीटर जलतरणात त्यांनी भारताला पॅरालिम्पिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये प्रीती पाल यांनी हालचालींच्या समन्वयातील दोष असणाऱ्यांच्या टी-३५ गटात १०० आणि २०० मीटर धावण्यात कांस्यपदके मिळवली.

डॉ. मेरी व्हर्गीस यांचे नाव विद्यार्थ्यांनी अवश्य लक्षात ठेवावे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील या तरुण डॉक्टरांना १९५४ मध्ये अपघातात मज्जारज्जूची इजा झाली. चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, न्यूयॉर्क येथे पुनर्वसनवैद्यकाचे शिक्षण घेतले आणि वेल्लोरला तो विभाग उभा केला. तेथील पुनर्वसन संस्था १९६६ मध्ये सुरू झाली.

आज मुंबईतील अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था, ओडिशातील कटकजवळील ओलटपूर येथील स्वामी विवेकानंद राष्ट्रीय पुनर्वसन प्रशिक्षण व संशोधन संस्था, कोलकात्यातील राष्ट्रीय चलनवलन दिव्यांगता संस्था, बेंगळुरूची निमहान्स, दिल्लीचे इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर आणि पुण्यात खडकी येथील सैनिकांसाठीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र या संस्था मोलाचे कार्य करत आहेत. परंतु नावे वाचताच ध्यानात येईल की या बहुतांश महानगरांत किंवा त्यांच्या आसपास आहेत. आठवड्यातून चार-पाच वेळा, महिनोन्‌महिने घ्यावयाच्या उपचाराला दोनशे किलोमीटरवरची उत्तम संस्थाही अपुरीच पडते. शस्त्रक्रियेसाठी माणूस एकदा शहरात जाऊ शकतो. व्यायामासाठी रोज जाऊ शकत नाही.

कायदा काय म्हणतो?

परीक्षेच्या दृष्टीने घटनात्मक चौकट पाहू. घटनेच्या अनुच्छेद ४१ मध्ये आजारपण व विकलांगता यांसारख्या परिस्थितीत शासकीय साहाय्य मिळण्याचा उल्लेख आहे. सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत नोंद ६ सार्वजनिक आरोग्याची आणि नोंद ९ विकलांगांच्या साहाय्याची आहे. म्हणजे मुख्य जबाबदारी राज्यांची. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ मध्ये स्वीकारला गेला आणि भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी त्यास मान्यता दिली. त्याचा अनुच्छेद २० वैयक्तिक हालचालीच्या स्वातंत्र्याविषयी, तर अनुच्छेद २६ पुनर्वसनाविषयी आहे. पुनर्वसन शक्य तितक्या लवकर सुरू व्हावे आणि ग्रामीण भागासह लोकांच्या शक्य तितक्या जवळ मिळावे, असे हा अनुच्छेद सांगतो.

२०१६ च्या अधिनियमाचे कलम २५ दिव्यांगांना, विशेषतः ग्रामीण भागात, जवळपास मोफत आरोग्यसेवा देण्याविषयी आहे. त्यास अधिसूचित केलेल्या कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा आहे. कलम २७ पुनर्वसनाविषयी आहे, पण तेथे ‘आर्थिक क्षमता व विकासाच्या मर्यादेत’ हे शब्द आहेत. शासकीय नोकरीतील ४ टक्के आणि उच्च शिक्षणातील ५ टक्के आरक्षणासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व ही अट आहे. मात्र २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात, लिहिताना हाताला पेटके येण्याचा चेताविकार असलेल्या उमेदवारास ही अट पूर्ण होत नसतानाही लेखनिक मिळण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. गरजेनुसार सोय, हे तत्त्व त्यातून पुढे आले.

योजनांच्या बाबतीत, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून राबवला जात आहे. त्यातील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत सेरेब्रल पाल्सीसारख्या बालकांच्या उपचारांची सोय अपेक्षित आहे. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय विमा योजनेत सेरेब्रल पाल्सीसह चार प्रकारच्या दिव्यांगांना एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण असून त्यात नियमित थेरपीचा खर्च समाविष्ट आहे. राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, २०२१ ने भौतिकोपचार व्यवसायाला वैधानिक नियमनाखाली आणले. १९८१ पासूनची एडिप योजना साधने पुरवते. साधन एकदाच देता येते, मोजता येते, छायाचित्रात दिसते. व्यायाम दिवसेंदिवस द्यावा लागतो आणि त्याचे फळ उशिरा दिसते. आपल्या योजनांचा कल पहिल्याकडे अधिक असण्याचे एक कारण हे असावे.

दरी कशी भरावी?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील सुमारे २४० कोटी लोकांना पुनर्वसनसेवेचा लाभ होऊ शकतो. काही अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत मात्र अशा प्रशिक्षित व्यक्तींचे प्रमाण दर दहा लाख लोकसंख्येमागे दहाहूनही कमी आहे. २०२३ च्या जागतिक आरोग्य सभेने पुनर्वसनाला आरोग्यव्यवस्थेत स्थान देण्याचा ठराव केला. या पार्श्वभूमीवर काही सूचना मांडतो.

पहिली, रुग्णालयातून घरी जाताना औषधांच्या चिठ्ठीसोबत व्यायामाची चिठ्ठी सक्तीची असावी: प्रकार, आवर्तने, तीव्रता, दिवस आणि पुढील तपासणीची तारीख.

दुसरी, आयुष्मान आरोग्य मंदिरे व प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या गटामागे किमान एक फिरता भौतिकोपचार तज्ज्ञ असावा. त्याने आठवड्यातून ठरलेल्या दिवशी गावात यावे, व्यायामाची मात्रा वाढवावी, चुका दुरुस्त कराव्यात. मधल्या दिवसांत कुटुंबीयांची साथ आणि दूरध्वनीवरील सल्ला यांचा उपयोग होईल. भारतीय चाचणीचा बोध कुटुंबाला वगळा असा नाही. कुटुंबाला एकटे सोडू नका, असा आहे.

तिसरी, यंत्रखरेदीपूर्वी मनुष्यबळाचा विचार व्हावा. समांतर दांडे, पायऱ्यांचा लाकडी संच, भिंतीला घट्ट बसवलेला कठडा आणि नाडी मोजण्यासाठी सेकंदकाट्याचे घड्याळ यांवर बरेच काही होऊ शकते. कोट्यवधींचे यंत्र घेऊन ते चालवणारा नसेल, तर ते धूळ खात पडते.

चौथी, मोजमापाची. दहा मीटर अंतर किती सेकंदांत चालले आणि सहा मिनिटांत किती मीटर चालले, या दोन चाचण्यांना फारसा खर्च येत नाही. त्यांच्या नोंदी ठेवल्या तर किती साधने वाटली याऐवजी किती माणसे चालू लागली, हे जिल्ह्याला सांगता येईल.

पाचवी, ज्यांना प्रयत्नांनंतरही चालता येणार नाही, त्यांच्याविषयीची. मज्जारज्जू पूर्ण तुटलेल्या व्यक्तीला व्यायामाने पाय परत मिळतील असे आश्वासन देणे क्रूरपणाचे आहे. अशा आशेपायी कुटुंबे जमिनी गहाण टाकतात. त्यांच्यासाठीही व्यायाम हवा: खुर्ची चालवण्यासाठी खांदे बळकट राहावेत, खाटेवरून खुर्चीत स्वतः जाता यावे, हृदय व फुप्फुसे निरोगी राहावीत, यासाठी. आणि त्यांच्या मार्गातली पायरी आपण काढून टाकायची. चालणे हे साधन आहे. इच्छित स्थळी पोहोचणे हा हक्क आहे.

समारोप

मित्रहो, आपल्यापैकी काहीजण उद्या तहसील, जिल्हा परिषद किंवा मंत्रालयात निर्णयाच्या जागी बसतील. तेव्हा दिव्यांग दिनाच्या कार्यक्रमाची फाइल समोर येईल. त्यात किती खुर्च्या वाटायच्या याचा आकडा असेलच. आपण त्यावर आणखी दोन प्रश्न लिहावेत, एवढीच विनंती. गेल्या वर्षी या जिल्ह्यात पक्षाघात होऊन घरी गेलेल्यांपैकी किती जणांकडे प्रशिक्षित व्यक्ती पोहोचली? आणि किती वेळा पोहोचली?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर व्याप्ती सांगेल, दुसऱ्याचे उत्तर मात्रा सांगेल. आपल्या त्या शेतकरी गृहस्थांचे पुन्हा बांधावर उभे राहणे या दुसऱ्या उत्तरावर बऱ्याच अंशी अवलंबून आहे.